एकच बँड, तरीही गाळ: डीएनए रेप्लिकेशनची प्रोटीनं हाताळताना

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी, मे महिन्यात, एका जेलचा (प्रोटीनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या थराचा) फोटो घेऊन मी माझ्या गाइड मॅडमच्या खोलीत शिरले. पंधरा टक्क्यांचं जेल, शेवटच्या तिन्ही लेनमध्ये वीस किलोडाल्टनच्या आसपास एकेक निळा बँड, खाली-वर काहीच नाही. मला वाटलं, पेढे वाटायला हरकत नाही. मॅडमनी फोटो हातातही घेतला नाही. "बँडचं राहू दे गं. दोनशेसाठ-दोनशेऐंशी किती आलं?"

ते मी पाहिलंच नव्हतं. जाऊन पाहिलं तर १.४.

२६० आणि २८० नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण मोजून भागायचं. शुद्ध प्रोटीनचं हे गुणोत्तर ०.६च्या आसपास येतं, शुद्ध डीएनएचं १.८. म्हणजे माझं प्रोटीन ज्या जिवाणूत बनवलं त्या ई. कोलायच्या डीएनए-आरएनएचे तुकडे घट्ट धरून बसलं होतं. कूमासी निळा रंग प्रोटीनला लागतो, डीएनएला लागत नाही, म्हणून जेलवर सगळं चकाचक. त्याआधीचे तीन आठवडे मी डीएनए-बाइंडिंग करत होते आणि काहीच चिकटत नव्हतं. चिकटणार कुठून? हात आधीच भरलेले.

रेप्लिकेशनची, म्हणजे डीएनएची प्रत काढणारी, प्रोटीनं इतर प्रोटीनांपेक्षा इथेच वेगळी पडतात. डीएनए धरणं हाच त्यांचा धंदा, आणि ज्या जिवाणूत आपण ती बनवतो त्याच्याकडे तीच यंत्रसामग्री स्वतःची असते. त्यामुळे ट्यूबमध्ये काही घडलं की पहिला प्रश्न असा: हे माझ्या प्रोटीनने केलं, की ई. कोलायच्या घरच्या कुणीतरी? पुढे जे लिहिलंय ते याच संशयाभोवती. आमच्या बडोद्यात डेझर्टेशनला आलेल्या एमएस्सीच्या मुलांना मी जे तोंडी सांगते, तेच जरा सविस्तर.

पहिलं प्रोटीन कोणतं घ्यावं

मुलांना पॉलिमरेज (नवा डीएनए जोडत जाणारं एन्झाइम) हवं असतं, कारण नाव मोठं. माझा आग्रह एसएसबीचा. दुहेरी डीएनए उलगडला की उघड्या पडलेल्या एकेरी धाग्यावर बसून त्याला गुंता होऊ न देणारं हे प्रोटीन. ई. कोलायचं एसएसबी १७७ अमिनो आम्लांचं, साधारण १९ किलोडाल्टन, आणि चार जणांच्या टोळीने काम करणारं, म्हणजे टेट्रामर सुमारे ७५ किलोडाल्टनचा. भरपूर बनतं, विरघळलेलं राहतं, डीएनएला चिकटलं की डोळ्यांना दिसतं. चूक झाली तर एका आठवड्यात कळते. पॉलिमरेजमध्ये ती कळायला सेमिस्टर जातं.

क्लोन करताना हिस-टॅग (निकेलला चिकटणारी सहा हिस्टिडिनची शेपटी) पुढच्या टोकाला, एन-टर्मिनलला लावा. एसएसबीचं मागचं टोक रिकामं दिसतं म्हणून तिथे टॅग लावायचा मोह होतो, पण तिथली शेवटची आठ-नऊ अमिनो आम्लं म्हणजे इतर रेप्लिकेशन प्रोटीनांना पकडायची आकडी. तिथे सहा हिस्टिडिन टांगलेत तर डीएनए-बाइंडिंग व्यवस्थित दिसेल, आणि पुढे दुसऱ्या प्रोटीनशी जोडी जमली नाही की महिनाभर कारण सापडणार नाही.

कल्चर आणि फोडणं

बीएल२१-डीई३ या ई. कोलायमध्ये तुमच्या प्रोटीनचं जनुक असलेलं प्लाझ्मिड टाका, ताज्या प्लेटवरून एक कॉलनी उचलून ओव्हरनाइट कल्चर लावा, सकाळी त्यातलं १० मिली एक लिटर एलबी माध्यमामध्ये. ३७ अंशांवर ओडी (कल्चरचा गढूळपणा) ०.६ झाला की आयपीटीजी, म्हणजे प्रोटीन बनवायला सुरुवात करून देणारं रसायन, ०.५ मिलिमोलर. एसएसबीला तीन-चार तास पुरतात. पॉलिमरेज किंवा हेलिकेजसारखं (दुहेरी डीएनए उलगडणारं) मोठं प्रोटीन असेल तर आयपीटीजी ०.१ ते ०.२वर आणा आणि रात्रभर १८ अंशांवर ठेवा, नाहीतर सगळं गोळे होऊन पेलेटमध्ये, तळाच्या गाळात, जातं. आयपीटीजी घालण्याआधी १ मिली काढून ठेवायला विसरू नका. "आधी" आणि "नंतर" शेजारी-शेजारी लोड केल्याशिवाय नवा बँड कोणता हे कुणीच सांगू शकत नाही.

लायसिस (पेशी फोडण्याचा) बफर: ५० मिलिमोलर ट्रिस पीएच ८, १ मोलर मीठ, १० टक्के ग्लिसरॉल, २० मिलिमोलर इमिडाझोल. प्रोटीन तोडणारी एन्झाइमं रोखणारा पीएमएसएफ १ मिलिमोलर, पण अगदी ऐन वेळी, कारण पाण्यात तो फार टिकत नाही. विषारी आहे, पावडर तोलताना मास्क आणि ग्लोव्हज हवेतच. ईडीटीए नको, पुढच्या कॉलममधलं निकेल ओढून घेतो. डीटीटीही नको, रेझिन तपकिरी पडतं. मीठ इतकं का? डीएनए आणि प्रोटीनमधली पकड बरीचशी विद्युतभाराची असते आणि मीठ ती सैल करतं. सर्वसाधारण प्रोटोकॉलमध्ये १५० मिलिमोलर लिहिलेलं असतं. ते इथे डोळे मिटून उतरवू नका.

सोनिकेशन (ध्वनिलहरींनी पेशी फोडणं) १० सेकंद चालू, ३० सेकंद बंद, बीकर बर्फात गळ्यापर्यंत. बडोद्याच्या मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो आणि बर्फ बघता बघता पाणी होतो, म्हणून आमचे लॅबमधले काका थर्माकोलच्या दोन पेट्या आणून ठेवायचे आणि मध्ये बदलायचे. फेस आला तर थांबा. प्रोब वर आलाय. सुरुवातीचं द्रावण अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं ताराताराने ओघळतं. ती तार म्हणजे जिवाणूचा लांबलचक डीएनए. पिपेटच्या टोकावरून पाण्यासारखे थेंब पडायला लागले की झालं. मग सेंट्रिफ्यूजमध्ये ४ अंशांवर २०,००० जी, अर्धा तास.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, "डीएनएज टाकून देऊ, सगळा डीएनए जाईल." डीएनएज म्हणजे डीएनए तोडणारं एन्झाइम. जाईल. पण मग तो डीएनएज तुमच्या प्रोटीनबरोबर आला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारीही तुमची. उंदीर मारायला साप आणल्यासारखं आहे ते. मी टाळते.

कॉलम आणि त्यानंतरची स्वच्छता

एक मिली निकेल रेझिन, वरचं स्वच्छ द्रावण त्यातून हळूहळू. मग धुणं, आणि वेळ खर्चायचा तो इथेच. आधी लायसिस बफरने १० मिली. मग त्याच बफरमध्ये मीठ २ मोलर करून २० मिली, घाई न करता. मग इमिडाझोल ४० मिलिमोलरने ५ मिली. शेवटी २५० मिलिमोलर इमिडाझोलने एकेक मिलीचे सहा भाग गोळा करा. २८०चं शोषण मोजताना ब्लँक म्हणून इल्यूशन बफरच, म्हणजे शेवटचा २५० मिलिमोलर इमिडाझोलवालाच, घ्या. इमिडाझोल स्वतः २८०ला थोडं शोषतं, त्यामुळे पाण्याने ब्लँक केलंत तर नसलेलं प्रोटीन दिसतं.

बहुतेक रेप्लिकेशन प्रोटीनं दोन मोलर मिठात डीएनए सोडतात. एसएसबी मात्र चिवट, एकेरी धाग्यावरची त्याची पकड मिठाला सहसा दाद देत नाही. त्यासाठी जुना आणि स्वस्त उपाय अमोनियम सल्फेटचा: गोळा केलेल्या भागांत १ मिलिमोलर ईडीटीए घालून, लिटरला १५० ग्रॅम या हिशेबाने, म्हणजे ६ मिलीला ०.९ ग्रॅम. बर्फावर ढवळत, चिमूट-चिमूट, अर्ध्या तासात. इतक्या कमी अमोनियम सल्फेटला एसएसबी खाली बसतं आणि बरीच इतर मंडळी वर राहतात. आमच्या बडोद्याच्या फर्टिलायझरनगरच्या कारखान्यातून हेच अमोनियम सल्फेट खत म्हणून पोत्यांनी बाहेर पडतं. आपल्याला मात्र शुद्ध ग्रेडचीच बाटली लागते, कारण जड धातूंचे अंश एन्झाइमांना मारक. पोत्यातलं वापरून पाहू का, असं एकाने खरंच विचारलं होतं.

पेलेट विरघळवून डायलिसिस: २० मिलिमोलर ट्रिस पीएच ८, ५०० मिलिमोलर मीठ, १ मिलिमोलर ईडीटीए, १ मिलिमोलर डीटीटी, ५० टक्के ग्लिसरॉल. ग्लिसरॉलमुळे पिशवीतलं पाणी बाहेर जातं आणि सकाळी पिशवी निम्म्याच्या आसपास आक्रसलेली दिसते. फुटली असं समजून घाबरू नका. याचा दुसरा फायदा असा की उणे वीसला हे गोठत नाही, द्रवच राहतं. पावसाळ्यात तास-दोन तास वीज गेली तरी गोठणं-वितळणं होत नाही. उणे ऐंशीचा फ्रीझर नसलेल्या लॅबसाठी हे मोठं सुख आहे.

आता पुन्हा दोनशेसाठ-दोनशेऐंशी. ०.६५च्या वर असेल तर पुढे जाऊ नका. खाली असेल तर प्रमाण काढा: एसएसबी टेट्रामरचा २८०चा एक्स्टिंक्शन (शोषणाचा गुणांक) १,१३,००० प्रति मोलर प्रति सेंटिमीटर. वाचन ०.४५ आलं तर भागाकार सुमारे ४ मायक्रोमोलर टेट्रामर, म्हणजे मिलीला ०.३ मिलिग्रॅम. वहीत "टेट्रामर" हा शब्द लिहाच. मोनोमर की टेट्रामर हे न लिहिल्याने चारपटीची चूक झालेली मी दोनदा पाहिली आहे, त्यातली एक माझीच.

न्यूक्लिएजची झडती

न्यूक्लिएज म्हणजे डीएनए कापणारं एन्झाइम. बाइंडिंगच्या आधी हे करा. सुपरकॉइल्ड प्लाझ्मिड ३०० नॅनोग्रॅम, १० मिलिमोलर मॅग्नेशियम आणि तुमचं प्रोटीन, प्रयोगात वापरणार त्याच्या दसपट, ३७ अंशांवर दोन तास. शेजारी प्रोटीनऐवजी नुसता स्टोरेज बफर घातलेली ट्यूब. संपल्यावर एसडीएस आणि प्रोटिनेज-के घालून प्रोटीन काढून टाका, नाहीतर चिकटलेल्या प्रोटीनमुळे बँड सरकेल आणि उगाच घबराट होईल. मग एक टक्का अॅगरोज. सुपरकॉइल्ड प्लाझ्मिडला एक चीर जरी पडली तरी तो सैल होऊन जेलमध्ये वर अडकतो. बफरच्या ट्यूबपेक्षा तो वरचा बँड जाड असेल तर तुमच्या प्रोटीनबरोबर कात्री आली आहे. परत कॉलमकडे.

बाइंडिंग: जेल-शिफ्ट

प्रोटीन बसलं की डीएनए जेलमध्ये हळू सरकतो, तेच इथे पाहायचं. डीएनए म्हणून सत्तर टी एका ओळीत असलेला ऑलिगो (आखूड एकेरी धागा) घ्या, ५ प्राइम टोकाला फॅम हा हिरवा चमकणारा रंग लावून मागवलेला. सगळे टी कशाला? मिश्र क्रमाचा धागा स्वतःशीच दुमडून गाठी मारतो, टी एकमेकांशी जोडी करत नाहीत. फॅम उजेडाने फिका पडतो, ट्यूब फॉइलमध्ये गुंडाळा.

वीस मायक्रोलिटरची रिअॅक्शन: २० मिलिमोलर ट्रिस पीएच ८, मिलीला ०.१ मिलिग्रॅम बीएसए (भरीचं साधं प्रोटीन), ५ टक्के ग्लिसरॉल, १० नॅनोमोलर डीएनए, आणि प्रोटीन ०, २.५, ५, १०, २०, ४० नॅनोमोलर टेट्रामर. बीएसए नसेल तर इतकं विरळ प्रोटीन ट्यूबच्या भिंतीलाच चिकटून संपतं. आता एक बारीक गोष्ट, जी प्रोटोकॉलमध्ये सहसा नसते. प्रोटीन ५०० मिलिमोलर मिठात आहे. एका लेनला अर्धा मायक्रोलिटर आणि दुसरीला चार घातलेत, तर प्रोटीनबरोबर मीठही बदललं, आणि एसएसबीचं वागणं मिठावर अवलंबून असतं. म्हणून आधी स्टोरेज बफरमध्येच विरळ करत सहा वेगवेगळ्या ट्यूब बनवा आणि प्रत्येक लेनला प्रत्येकीतून बरोबर २ मायक्रोलिटर घाला. शून्याच्या लेनला २ मायक्रोलिटर नुसता बफर. मग सगळीकडे मीठ सारखंच, ५० मिलिमोलर.

जेल ६ टक्के, नेटिव्ह, अर्ध्या ताकदीच्या टीबीई बफरमध्ये. उन्हाळ्यात इथे टेमेड (जेल घट्ट करणारं रसायन) घालून बाटली हलवेपर्यंत अॅक्रिलामाइड घट्ट व्हायला लागतं, आणि अर्धं जेल काचेत, अर्धं बीकरमध्ये राहतं. मिश्रण आधी दहा मिनिटं बर्फात ठेवा, टेमेड सगळ्यात शेवटी. जानेवारीत उलट, तासभर वाट बघा. न जमलेलं अॅक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक, ग्लोव्हज काढू नका, उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका. अर्धा तास रिकामं चालवून मग लोड करा, १०० व्होल्ट, फ्रिजमध्ये किंवा कोल्ड-रूममध्ये. ब्रोमोफिनॉल ब्लू सॅम्पलमध्ये घालू नका, स्कॅनमध्ये त्याची काळी सावली पडते. एका रिकाम्या लेनमध्ये घाला आणि त्यावरून अंदाज घ्या. तोवर तास-सव्वातास मोकळा. सेवउसळ खाऊन यायला पुरतो, पण ग्लोव्हज काढून, हात धुऊन.

काय दिसेल? खाली मोकळा डीएनए, वर एसएसबी बसलेला. प्रोटीन वाढलं की कधीकधी त्याच्याही वर आणखी एक बँड. मुलं म्हणतात, "ताई, काहीतरी तुटलंय." तुटलेलं नाही. मीठ जास्त, म्हणजे २०० मिलिमोलरच्या वर असेल, तर एक टेट्रामर सुमारे ६५ न्यूक्लिओटाइड अंगाभोवती गुंडाळतो, म्हणजे सत्तरच्या ऑलिगोवर एकच मावतो. मीठ फार कमी आणि प्रोटीन भरपूर असेल तर प्रत्येकजण सुमारे ३५वरच भागवतो, मग दोघे बसतात. मीठ बदलून दोन्ही जेल शेजारी ठेवा, हे डोळ्यांदेखत दिसतं. फक्त लक्षात असू द्या, जेलच्या बफरमध्येही मीठ नसतं, त्यामुळे आत शिरल्यावर थोडीफार अदलाबदल होऊ शकते.

आणि आता माझी खरी तक्रार. मुलं आलेख काढतात, निम्मा डीएनए ५ नॅनोमोलरला सरकला म्हणतात, आणि प्रबंधात लिहितात "केडी ५ नॅनोमोलर", म्हणजे पकडीची ताकद सांगणारा आकडा. डीएनए १० नॅनोमोलर होता! पकड इतकी घट्ट असते तेव्हा घातलेला प्रत्येक रेणू चिकटतोच, म्हणून ५ घातल्यावर १०तले ५ सरकले. ती मोजणी झाली, पकडीची ताकद नव्हे. खात्री करायची तर डीएनए २० नॅनोमोलर करून तेच परत करा. निम्म्याचा बिंदू १०वर सरकला तर तुम्ही फक्त मोजत होता. या मोजणीचाही एक उपयोग आहे: दहाऐवजी वीस टेट्रामर लागले, तर तुमचं निम्मं प्रोटीन मेलेलं आहे.

पॉलिमरेजकडे वळताना

पहिल्यांदा क्लेनॉव विकत आणा आणि त्यावर हात बसवा. पॉलिमरेज-१चा हा ६८ किलोडाल्टनचा तुकडा. त्याची रचना १९८५ साली थॉमस स्टाइट्झ यांच्या गटाने उलगडली. २००९चं रसायनशास्त्राचं नोबेल स्टाइट्झ आणि अॅडा योनाथ यांच्याबरोबर ज्यांना मिळालं ते वेंकटरामन रामकृष्णन १९७१ साली इथूनच, सयाजीराव विद्यापीठातून, भौतिकशास्त्रात बीएस्सी झाले होते. नोबेल रायबोसोमसाठी होतं, रेप्लिकेशनसाठी नाही, पण आमच्याकडे हे सांगितल्याशिवाय पुढे जात नाहीत.

पद्धत अशी: फॅम लावलेला २० अक्षरांचा प्राइमर (जिथून नवा धागा वाढतो तो तुकडा) ४० अक्षरांच्या टेम्प्लेटला (ज्याची प्रत निघते त्या धाग्याला) जोडा (९५ अंशांवर पाच मिनिटं, मग गॅस बंद करून त्याच पाण्यात हळूहळू थंड), मॅग्नेशियम, चारही डीएनटीपी (डीएनएचे सुटे घटक), एन्झाइम. अर्धं मिनिट, एक, दोन, पाच, दहा मिनिटांना थोडं-थोडं काढून ९५ टक्के फॉर्मामाइड आणि २० मिलिमोलर ईडीटीएमध्ये थांबवा. १५ टक्के युरिया जेलवर एकेका अक्षराची पायरी दिसते.

दोन कंट्रोल सोडू नका. एक, डीएनटीपी न घातलेली ट्यूब: प्राइमर आखूड होत गेला तर ३ प्राइम टोकाकडून कुरतडणारा एक्झोन्यूक्लिएज आहे. क्लेनॉवचा तो स्वतःचाच असतो. तुमच्या प्रोटीनमध्ये तो नसायला हवा असेल आणि दिसला, तर पाहुणा आलाय. दोन, निष्क्रिय केलेलं म्युटंट, अॅक्टिव्ह साइटमधला (एन्झाइम जिथे काम करतं त्या जागेतला) अॅस्पार्टेट बदललेलं, अगदी त्याच कॉलमवरून त्याच पद्धतीने शुद्ध केलेलं. म्युटंटनेही प्राइमर वाढवला तर ते काम ई. कोलायच्या पॉलिमरेजचं. या दुसऱ्या कंट्रोलला पंधरा दिवस जातात, म्हणून लोक टाळतात. परीक्षक मात्र पहिल्यांदा तेच विचारतात.

हेलिकेजचं थोडक्यात. दुहेरी डीएनएला एका बाजूने दोन मोकळ्या शेपट्या असलेला काटा लागतो. ई. कोलायचं डीएनए-बी ५ प्राइमकडून ३ प्राइमकडे धावतं, आपल्या पेशींमधलं हेलिकेज, एमसीएम, उलट्या दिशेने, त्यामुळे कोणती शेपटी ठेवायची ते आधी ठरवा. एटीपीशिवायची ट्यूब आणि उकळून सुटा केलेला डीएनए, दोन्ही लोड करा. थांबवताना बिनरंगाचा तोच धागा भरपूर घाला, नाहीतर सुटलेले धागे परत जोडीला जातात आणि हेलिकेज आळशी वाटतं.

ट्यूबमधून पेशीत

आर्थर कॉर्नबर्ग यांनी १९५६ साली पॉलिमरेज-१ शोधलं, १९५९ला नोबेल मिळालं, आणि बरीच वर्षं लोक धरून चालले की रेप्लिकेशन हेच करतं. १९६९ला पॉला डी लुसिया आणि जॉन केर्न्स यांना असा ई. कोलाय सापडला ज्याच्या अर्कात हे एन्झाइम जवळजवळ नव्हतं आणि तो मजेत वाढत होता. मुख्य काम पॉलिमरेज-३चं निघालं. म्हणून ट्यूबमध्ये प्रोटीनला जमतं म्हणजे पेशीत तेच करतं असं नाही, हे शेवटी पेशीतच पाहावं लागतं.

मानवी पेशींत सोपी सुरुवात ईडीयूची, म्हणजे डीएनएच्या टी या अक्षराच्या नकलेची: १० मायक्रोमोलर, अर्धा तास, ज्या पेशी डीएनए बनवत आहेत त्यांच्यात ते शिरतं आणि क्लिक रिअॅक्शनने चमकतं. बीआरडीयू या जुन्या नकलेसाठी डीएनए आम्लाने उलगडावा लागतो, त्यात शेजारच्या प्रोटीनांचा सत्यानाश होतो. ईडीयूबरोबर पीसीएनए हे क्लॅम्प-प्रोटीन (पॉलिमरेजला डीएनएवर धरून ठेवणारं कडं) अँटिबॉडीने रंगवा, मात्र फिक्स करण्याआधी मिनिटभर थंड ट्रायटनने धुवा. मोकळं तरंगणारं पीसीएनए वाहून जातं, डीएनएवर बसलेलं तेवढं ठिपक्यांनी उरतं. न धुतल्यास अख्खं केंद्रक हिरवं दिसतं आणि काही बोलता येत नाही. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (जेलवरची प्रोटीनं अँटिबॉडीने ओळखताना) हे प्रोटीन हिशेबाने २९ किलोडाल्टन असूनही ३६च्या आसपास धावतं. अँटिबॉडी खोटी निघाली म्हणून परत पाठवू नका.

फोर्कचा, म्हणजे जिथे डीएनए उलगडून त्याची प्रत निघत जाते त्या जागेचा, वेग मोजायचा तर डीएनए फायबर. टीच्याच आणखी दोन नकला: सीएलडीयू २० मिनिटं, मग आयडीयू २० मिनिटं, पेशी काचेवर फोडून स्लाइड तिरपी धरायची, थेंब ओघळताना डीएनए ताणला जातो. थेंब तीन ते पाच मिनिटांत खाली पोचायला हवा. सुसाट गेला तर धागे तुटतात, रेंगाळला तर गुंता. आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो वाटेतच वाळतो, म्हणून स्लाइडशेजारी ओला टिश्यू ठेवून वर डबा झाकते. ताणलेल्या डीएनएत एका मायक्रोमीटरमध्ये सुमारे २.५९ किलोबेस धरतात. आयडीयूची रेघ १० मायक्रोमीटर भरली तर २५.९ किलोबेस, वीस मिनिटांनी भागून मिनिटाला १.३. मानवी पेशींत एक ते दोनच्या मध्ये आलं की पद्धत बसली समजा. रेघा मोजायच्या आधी स्लाइडवरची नावं दुसऱ्याकडून कागदी पट्टीने झाकून घ्या. कोणती स्लाइड प्रोटीन काढून टाकलेल्या पेशींची हे माहीत असलं की आखूड रेघाच डोळ्यात भरतात. माझी पट्टी काकाच लावायचे आणि यादी खिशात ठेवायचे. एकदा यादी खिशातच धुतली गेली, आणि तिन्ही स्लाइड परत कराव्या लागल्या.